माणसांची निवड आणि विद्यार्थ्यांची दृष्टी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक न्यासाच्या पन्नास वर्षांचा आढावा घेतला जातो तेव्हा देणगीदारांची नामावली, इमारतींच्या कोनशिला आणि जमाखर्चाचे ताळेबंद समोर ठेवले जातात. ते योग्यच आहे. परंतु त्या इमारतीचे कुलूप रोज सकाळी उघडणारा सेवक, वसतिगृहातील मुलांना रात्री पांघरूण घालणारा गृहपाल, दवाखान्यात औषधाची पुडी हातात ठेवणारा कर्मचारी आणि बालवाडीतील शिक्षिका यांची निवड कशी झाली, याची नोंद कोणत्याही अहवालात सहसा आढळत नाही. देणगीदाराने श्रद्धेने दिलेला रुपया अखेरीस याच पगारी माणसांच्या हातून गरजूपर्यंत पोहोचतो. तो हात चांगला असेल तर दान सफल होते आणि तो हात अयोग्य असेल तर दानाचा ओघ मध्येच आटतो. म्हणून नोकरभरती हा वरकरणी कार्यालयीन वाटणारा विषय प्रत्यक्षात दानधर्माच्या गाभ्याचा विषय आहे.

व्यापारी समाजाला पारख शिकवावी लागत नाही. कापडाचा ताका समोर आला की व्यापारी तो उलगडतो, पोत बोटांनी चाचपतो, रंग पक्का आहे की कच्चा हे पाहतो, पन्हा मोजतो आणि मगच भाव बोलतो. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी माल न पाहता सौदा होत नाही. तोच व्यापारी न्यासाचा विश्वस्त या नात्याने माणूस घेण्यास बसतो, तेव्हा मात्र पाच मिनिटांच्या गप्पा आणि एका परिचिताचा शब्द एवढ्यावर वर्षानुवर्षांचा निर्णय होतो. हा विरोधाभास दूर कसा व्हावा, याचा एक सुलभ व अल्पखर्चिक मार्ग जगभर रुळला आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने प्राध्यापकाच्या देखरेखीखाली संस्थेच्या भरतीपद्धतीचा अभ्यास करावा आणि सुधारणा सुचवाव्यात, हा तो मार्ग होय.

या परंपरेचा उगम

विद्यार्थ्याने वर्गाबाहेर जाऊन खऱ्या संस्थेच्या खऱ्या प्रश्नावर काम करावे, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अध्यापकांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. फ्रान्समधील एसेक या व्यापारशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९६७ साली एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी स्वतःच चालविलेली, नफा न वाटणारी सल्लागार संस्था स्थापन केली आणि उद्योगांना मोबदला घेऊन पाहणी-अभ्यास करून देण्यास आरंभ केला. ही चळवळ पुढे युरोपात व ब्राझीलमध्ये पसरली. ब्राझीलने तर २०१६ साली अशा विद्यार्थी-संस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला. मिशिगन विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेत १९९२ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे गट काही आठवडे एखाद्या संस्थेच्या प्रत्यक्ष प्रश्नावर काम करतात.

भारतातही हा विचार परका नाही. १९३६ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ख्यात झालेल्या संस्थेने क्षेत्रकार्याला अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. पिलानी येथील बिर्ला संस्थेने १९७३ पासून उद्योगांतील प्रत्यक्ष कार्य हा शिक्षणाचाच भाग मानला. महाराष्ट्रात तर श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालणारा महापुरुष जैन कुटुंबातच जन्मला. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी किर्लोस्करांचे नांगर विकले, १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून, काम करीत शिकण्याची वाट दाखविली. विद्यार्थी हा केवळ घेणारा नसून समाजाला देणाराही असतो, हा त्यांच्या कार्याचा अर्थ आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि कार्यस्थळ-प्रशिक्षण यांना गुणांकनासह स्थान मिळाले आहे. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणच्या वाणिज्य, व्यवस्थापन आणि समाजकार्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही अशा कामाच्या शोधात असतात. त्यांना काम हवे आहे आणि न्यासांना दृष्टी हवी आहे. दोघांची गाठ मात्र क्वचितच पडते.

प्रकल्प प्रत्यक्षात कसा चालतो

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका न्यासाच्या साठ मुलांच्या वसतिगृहातील गृहपालाने मार्चअखेर राजीनामा दिला. विश्वस्तांची बैठक मे महिन्यात झाली. जूनमध्ये स्थानिक दैनिकात जाहिरात आली : 'गृहपाल पाहिजे. अनुभवी व होतकरू. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटावे.' बारा जण आले. त्यांपैकी सात जण कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने आलेले होते. गाव कोणते, वडील काय करतात, आधी कोठे होता, एवढे विचारून झाले आणि त्यांतील एकाची नेमणूक झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परतलाच नाही. पुन्हा बैठक, पुन्हा जाहिरात. या आठ महिन्यांत साठ मुलांचे काय झाले, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.

अशा संस्थेत पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट सहा ते आठ आठवड्यांसाठी येतो, तेव्हा तो प्रथम जुनी कागदपत्रे मागतो. गेल्या पाच वर्षांत कोणती जागा केव्हा रिकामी झाली, जाहिरात केव्हा दिली, अर्ज किती आले, कोठून आले, मुलाखत केव्हा झाली, माणूस रुजू केव्हा झाला आणि किती महिने टिकला, एवढ्या सात रकान्यांचा तक्ता विद्यार्थी तयार करतात. व्यापाऱ्याच्या पेढीवर प्रत्येक गाठोड्याची आवक-जावक टिपलेली असते. माणसांची आवक-जावक मात्र या तक्त्यात बहुधा प्रथमच दिसते. विलंब नेमका कोठे होतो, हे त्यातून उघड होते. कित्येकदा उमेदवार मिळण्यास वेळ लागलेला नसतो. वेळ गेलेला असतो तो बैठकीची तारीख ठरविण्यात.

दुसऱ्या टप्प्यात विद्यार्थी माणसांशी बोलतात. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याला विश्वस्ताने फोन केला तर तो 'घरगुती अडचण' एवढेच सांगतो. विशी-बाविशीच्या परक्या मुलीने शांतपणे विचारले, तर तो कदाचित सांगेल की पगाराचा आकडा रुजू होताना एक आणि हातात येताना दुसरा होता, अथवा आठवड्याची सुट्टी कबूल करूनही मिळाली नाही. विद्यार्थ्यांना कोणाचे हितसंबंध जपायचे नसतात, हीच त्यांची मोठी पुंजी आहे.

तिसऱ्या टप्प्यात कामाचे वर्णन लिहिले जाते. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी बोस्टनच्या ट्रामचालकांच्या निवडीचा विचार करताना आधी हे शोधले की, त्या कामात नेमके काय लागते. रस्त्यावरील माणसे, वाहने यांच्या हालचालींचा अंदाज घेत लक्ष टिकवून ठेवणे हा त्या कामाचा गाभा आहे, असे त्यांना आढळले आणि त्यासाठी त्यांनी चाचणी योजली. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे विवेचन आहे. गृहपालाच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला, तर उत्तर 'अनुभवी व होतकरू' या शब्दांत मावत नाही. रात्री अकरा वाजता एखाद्या मुलाला ताप चढला आणि पालक शंभर किलोमीटर दूर असले तर काय करावे, भोजनगृहाचा हिशेब कसा ठेवावा, दोन मुलांतील भांडण हात न उगारता कसे मिटवावे, हे त्या कामाचे खरे स्वरूप आहे.

मुलाखतीविषयी संशोधन काय सांगते

कामाचे स्वरूप निश्चित झाले की मुलाखतीचे प्रश्न त्यातूनच निघतात. अमेरिकेतील फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली त्याच प्रकारच्या आकडेवारीची अधिक कठोर फेरतपासणी केली. निवडपद्धती आणि पुढील काम यांचा संबंध ० ते १ या मापावर मोजला तर, ठरावीक प्रश्न व ठरावीक गुणांकन असलेल्या मुलाखतीचा आकडा ०.४२ आला आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. म्हणजे तेच उमेदवार, तीच खोली, तेच विश्वस्त. केवळ सर्वांना समान प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला लगेच गुण देण्याची शिस्त पाळली, तर पारख दुपटीहून अधिक नेमकी होते. या शिस्तीला खर्च येतो तो एका छापील कागदाचा.

१९९८ च्या आढाव्यात आणखी दोन गोष्टी नोंदलेल्या आहेत. केवळ अनुभवाची वर्षे मोजून पुढील कामाचा अंदाज फारसा बांधता येत नाही आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याच्या पद्धतीचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. 'स्वहस्ताक्षरात अर्ज करावा' ही अट लिपिकाचे अक्षर पाहण्यापुरती ठीक होती. त्यातून चारित्र्य वाचण्याचा प्रयत्न व्यर्थ होय.

विद्यार्थ्यांचा गट येथे एक साधी सुधारणा सुचवितो. तिन्ही परीक्षकांनी आपापले गुण स्वतंत्रपणे लिहावेत आणि कागद जमा झाल्यावरच चर्चा करावी. अन्यथा ज्येष्ठ विश्वस्त प्रथम बोलतात आणि इतरांचे मत त्या दिशेने वाहते. जैन दर्शनाने अनेकान्ताचा सिद्धान्त जगाला दिला. एकाच वस्तूचे भिन्न बाजूंनी होणारे दर्शन एकत्र आल्यावाचून सत्य पूर्ण होत नाही, हे ज्या परंपरेने शिकविले, तिच्या निवड समितीत तीन माणसे बसूनही एकच बाजू पाहिली जावी, हे शोभणारे नाही.

त्याचबरोबर नम्रताही हवी. ०.४२ हा आकडा १ पासून दूरच आहे. केवलज्ञान निवड समितीला नसते. म्हणून नेमणुकीनंतरचे पहिले तीन महिने हा निवडीचाच उत्तरार्ध समजावा. नव्या माणसाला काम समजावून देणारा एक जुना सहकारी नेमावा, दर महिन्याला त्याच्याशी बोलावे, चुका वेळीच सांगाव्यात. माणूस टिकतो तो पुष्कळदा या तीन महिन्यांतील वागणुकीमुळे.

अनुपस्थित उमेदवाराचा हक्क

आता या विषयातील सर्वांत नाजूक भाग. ओळखीने माणूस घेण्यात वाईट काय, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. ओळखीचा माणूस विश्वासू असतो, चोरी करीत नाही, त्याचे घरदार ठाऊक असते, या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ओळखीच्या प्रत्येक नेमणुकीत एक माणूस अनुपस्थित असतो. ज्याला त्या जागेची माहितीच मिळाली नाही किंवा ज्याचा अर्ज आडनाव वाचून बाजूला पडला, असा तो उमेदवार. तो तक्रार करायला येत नाही, म्हणून त्याच्यावर अन्याय झाला हे कोणाला कळत नाही.

हा केवळ तर्क नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषविलेले महाराष्ट्राचे अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खाजगी क्षेत्राच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे परंतु भिन्न नावांचे अर्ज पाठविले. समान पात्रता असूनही दलित नावाच्या अर्जाला पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाची सुमारे एक-तृतीयांश आढळली. अमेरिकेतील बोस्टन व शिकागो येथे मारियान बर्ट्रांड आणि सेंथिल मुल्लइनाथन यांनी केलेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, गोऱ्यांमध्ये रूढ असलेल्या नावांच्या अर्जांना कृष्णवर्णीयांमध्ये रूढ नावांच्या अर्जांपेक्षा सुमारे पन्नास टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. अर्ज चाळणाऱ्या माणसांपैकी कित्येकांना आपण भेद करीत आहोत याची जाणीवही नसेल.

येथे एक भेद स्पष्ट करावा लागतो. जैन न्यासाच्या भोजनगृहातील स्वयंपाक्याला कंदमूळवर्ज्य स्वयंपाक करता आला पाहिजे, पाणी गाळण्याचा नियम पाळता आला पाहिजे, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची वेळ सांभाळता आली पाहिजे. ही कामाची रास्त अट आहे आणि ती जाहिरातीतच लिहावी. हे सर्व ज्याला येते आणि जो ते निष्ठेने पाळतो, तो कोणाच्या घरी जन्मला, ही मात्र कामाची अट होऊ शकत नाही. विद्यार्थ्यांच्या गटाला हीच सीमारेषा आखण्यास सांगावे. प्रत्येक अटीपुढे त्यांनी एकच प्रश्न लिहावा : ही अट कामासाठी आहे की सवयीसाठी?

अचौर्य व्रतात न दिलेली वस्तू न घेणे अभिप्रेत आहे. ज्या जागेवर अधिक योग्य माणसाचा हक्क होता, ती नात्याच्या जोरावर दुसऱ्याला मिळवून देणे हे त्या व्रताच्या किती जवळ किंवा किती दूर आहे, याचा विचार प्रत्येक श्रावकाने स्वतःशी करावा. कर्माची जबाबदारी स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि अनुमोदिलेले अशा तिन्ही कृत्यांची असते, असे शास्त्र सांगते. चिठ्ठी लिहिणारा, चिठ्ठी स्वीकारणारा आणि बैठकीत मौन पाळणारा हे तिघेही त्यातून सुटत नाहीत.

मर्यादा आणि विश्वस्तांची कर्तव्ये

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला मर्यादाही आहेत. त्यांचे वय लहान आणि अनुभव तोकडा असतो. अनुदानित शाळेतील सेवाशर्तींना १९७७ चा कायदा लागू आहे आणि शिक्षकभरतीसाठी शासनाने २०१७ साली 'पवित्र' ही संगणकीय प्रणाली आणली. अशा बाबतींत विद्यार्थ्यांचा सल्ला कायद्याच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो. वसतिगृह, धर्मशाळा, दवाखाना, भोजनगृह, कार्यालय येथील जागांवर मात्र न्यासाला स्वतःचा निर्णय घेता येतो आणि तेथेच अशा अभ्यासाचा खरा उपयोग आहे.

उमेदवारांचे अर्ज विद्यार्थ्यांच्या हाती देताना नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक झाकावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. कायदा नसता तरी दुसऱ्याची खाजगी माहिती ही ठेव आहे आणि ठेव जपण्याची रीत व्यापारी समाजाला नवी नाही. विद्यार्थ्यांना फुकटचे कारकून समजू नये. त्यांच्याकडून अर्ज फायलीत लावून घेणे हा प्रकल्प नव्हे. प्रवासखर्च, बसण्यास जागा आणि शंकांना उत्तर देणारा एक विश्वस्त एवढे तरी त्यांना मिळावे.

तरुण मंडळी उत्साहाने संगणकीय निवडप्रणाली सुचवतील. तिचे स्वागत डोळसपणे करावे. अॅमेझॉन या बलाढ्य कंपनीने अर्ज निवडणारी संगणकीय प्रणाली तयार करून पाहिली. जुन्या अर्जांत पुरुषांचे प्राबल्य होते. त्यांवरून शिकलेली ती प्रणाली स्त्रियांशी संबंधित उल्लेख असलेल्या अर्जांना कमी लेखू लागली आणि कंपनीला ती सोडून द्यावी लागली. ही हकीकत २०१८ साली वृत्तसंस्थांनी उघड केली. यंत्र जुन्या वहीवरून शिकते. वहीच तिरपी असेल तर यंत्राचा हिशेबही तिरपाच येणार.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र विश्वस्तांच्या बाजूची आहे. अहवाल येतो, सत्कार होतो, छायाचित्र निघते आणि अहवाल कपाटात जातो. हे टाळायचे असेल तर प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच विश्वस्त मंडळाने लेखी ठराव करावा की, अहवालातील प्रत्येक सूचनेवर तीन महिन्यांत स्वीकार, नकार किंवा दुरुस्ती यांपैकी एक उत्तर कारणासह दिले जाईल. कटू निष्कर्ष वगळण्यास विद्यार्थ्यांना सांगितले जाणार नाही, हेही त्या ठरावात असावे. आरसा विकत आणायचा आणि त्यावर पडदा टाकायचा, यात शहाणपण नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षातील एक काम

सर्व सुधारणा एकाच वेळी करण्याची आवश्यकता नाही. या वर्षात रिकामी होणारी एकच जागा निवडावी. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पत्र लिहावे. विद्यार्थ्यांच्या गटाकडून त्या एका जागेचे कामाचे वर्णन, पगाराचा आकडा स्पष्ट लिहिलेली जाहिरात, आठ प्रश्नांची मुलाखतपत्रिका आणि गुणांचा तक्ता तयार करून घ्यावा. मुलाखतीस आलेल्या प्रत्येकाला, निवड झालेली नसली तरी, पंधरा दिवसांच्या आत उत्तर पाठवावे. पोस्टकार्डावरील दोन ओळीही पुरेत. वाट पाहत ठेवलेल्या माणसाच्या मनाला होणारी इजा ही देखील हिंसाच आहे, हे अहिंसेच्या उपासकांना वेगळे सांगावयास नको.

एका वर्षाने तोच सात रकान्यांचा तक्ता पुन्हा काढावा आणि वार्षिक सभेत वाचून दाखवावा. माणूस टिकला का, मुले समाधानी आहेत का, जागा किती दिवस रिकामी राहिली, हे समाजाला कळावे. त्या प्रकल्पात समाजातील युवक-युवती सहभागी झाल्या असतील, तर त्यांतूनच उद्याचे विश्वस्त घडतील आणि ज्या खुर्चीवर त्यांना पुढे बसायचे आहे, तिचे उत्तरदायित्व त्यांना आधीच उमगलेले असेल.

पुढील पन्नास वर्षांत इमारती नव्या होतील, निधी वाढेल. त्या इमारतीच्या दारात नोकरीसाठी उभा राहिलेला अनोळखी माणूस, आपली पारख न्यायाने होईल, या विश्वासाने आत येऊ शकला, तर दात्यांच्या दानाचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र.